अंगठ्याएवढे मुखपृष्ठ

पुस्तकाचे परीक्षण लिहिताना मुखपृष्ठाबद्दल शेवटी एक ओळ टाकायची, असा आपल्याकडे संकेत आहे. 'मुखपृष्ठ आकर्षक आहे, छपाई सुबक आहे, किंमत मात्र जरा अधिक वाटते', एवढे म्हटले की परीक्षकाचे कर्तव्य संपते. मीही अशी परीक्षणे लिहिली आहेत. ज्या चित्राला 'आकर्षक' म्हटले ते कित्येकदा मी धड पाहिलेलेही नव्हते, हे आता कबूल करायला हरकत नाही. ह्या पापाचे प्रायश्चित्त मला अगदी अनपेक्षित ठिकाणी घ्यावे लागले. ते पुस्तकाच्या दुकानात नव्हे, तर संगणकावरच्या खेळांच्या दुकानात.

गणपतीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेत असताना वहीच्या समासात होड्या काढण्याबद्दल ह्याने माझ्या हातचा मार खाल्लेला. आता पुण्याला दिवसा नोकरी करतो आणि रात्री, गेली चार वर्षे, एकट्याने एक खेळ रचतो आहे. खेळ म्हणजे व्हिडिओ गेम. त्याच्या मागे ना कंपनी, ना भांडवल. अशा एकट्यादुकट्याच्या खेळांना 'इंडी' म्हणतात, म्हणजे आपल्या स्वखर्चाने काढलेल्या कवितासंग्रहासारखेच काहीसे. त्याने लॅपटॉप उघडून दोन चित्रे माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "सर, खेळ झाला. आता दुकानात लावायचे चित्र तेवढे राहिले आहे. ह्यातले कोणते लावू, तुम्ही सांगा. चित्रकलेचा तास तुम्हीच घ्यायचात."

चित्रकलेचा तास मी घेत असे हे खरे, पण ते शाळेला ड्रॉइंगचा मास्तर परवडत नव्हता म्हणून. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चित्रकलेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या दोन ग्रेड परीक्षा मी दिल्या आहेत आणि दुसरीत कसाबसा उत्तीर्ण झालो आहे. तरीही मास्तराला 'मला कळत नाही' असे म्हणता येत नाही. मी म्हटले, "अरे, आधी तो खेळ दाखव. मग दुकान दाखव. चित्राचे मागाहून बघू." तीन संध्याकाळी त्यात गेल्या.

दुकानाविषयी आधी सांगतो. स्टीम नावाचे हे दुकान अमेरिकेतल्या व्हॉल्व ह्या कंपनीने २००३ साली उघडले. तिथे खोके नाही, फळी नाही, गल्ल्यावर माणूस नाही. सगळा व्यवहार पडद्यावर. २०१७ पासून शंभर डॉलर भरले की कोणालाही आपला खेळ तिथे मांडता येतो. त्यामुळे गर्दी इतकी झाली की एकट्या २०२४ सालात अठरा हजारांहून अधिक नवे खेळ तिथे आले. म्हणजे दिवसाला पन्नासच्या आसपास. दिवाळीत आपल्याकडे काही शे अंक निघतात तरी वाचनालयाचा चिटणीस डोक्याला हात लावतो. इथे तर आठवड्याला एक दिवाळी.

आणि ह्या गर्दीत प्रत्येक खेळाच्या वाट्याला येणारी जागा केवढी? खेळाच्या स्वतःच्या पानावरचे चित्र ४६० बाय २१५ ठिपक्यांचे. शोधयादीत, विक्रीच्या तक्त्यात, 'ह्यासारखे आणखी' अशा ओळींत दिसणारे चित्र २३१ बाय ८७ ठिपक्यांचे. कंपनी अलीकडे ही चित्रे दुप्पट मापात मागवून घेते, पण पाहणाऱ्याच्या पदरात पडायचे ते एवढेच. त्याचीच आणखी बारीक नक्कल, १२० बाय ४५ ठिपक्यांची, यंत्र आपणहून करून काही ठिकाणी लावते. पडद्यावर हे माप माझ्या अंगठ्याच्या पेराएवढे भरते. मी मोजून पाहिले. चार वर्षांच्या रात्री, आणि त्यांचा दरवाजा अंगठ्याएवढा.

त्या आकाराला तिकडे 'कॅप्सूल' म्हणतात. म्हणजे औषधाची गोळी. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी.

आता, खेळांच्या मुखपृष्ठांत आजवर मी पाहिलेले सर्वांत सुंदर चित्र कोणते, असे विचाराल तर मी 'ईको'चे नाव घेईन. हा खेळ इंडी नव्हे. सोनीसारख्या बड्या घरातला आहे, २००१ सालचा. एक शिंगे असलेला मुलगा आणि एक मुलगी एका ओसाड किल्ल्यातून हात धरून बाहेर पडू पाहतात, एवढीच कथा. जपानात आणि युरोपात त्याच्या खोक्यावर जे चित्र होते ते खेळाचा कर्ता फुमितो उएदा ह्याने स्वतः रंगवले, आणि इटालियन चित्रकार जॉर्जो द किरिको ह्याच्या चित्रांवरून त्याला ते सुचले. पिवळसर उन्हात निर्मनुष्य वास्तू, लांबच लांब सावल्या, आणि त्या अफाट मोकळ्या जागेत हात धरून धावणारी दोन चिमुकली माणसे. माणसे इतकी लहान की आधी सावल्याच दिसतात. अमेरिकेतल्या खोक्यावर मात्र हे चित्र नव्हते. तिथे मुलाचा चेहरा मोठा करून पुढे आणला, हातात काठी दिली, मागे किल्ला लावला. ते चित्र आजही वाईट मुखपृष्ठाचा नमुना म्हणून दाखवले जाते. खेळ तिकडे फारसा खपला नाही. त्याचे खापर पुष्कळांनी त्या चित्रावर फोडले. ते सर्वस्वी न्याय्य आहे की नाही हा वेगळा प्रश्न.

उएदाच्या चित्रात जे आहे ते सांगायला मला कादंबरीची दहा पाने लागतील. एकटेपण आहे, आणि त्या एकटेपणात धरलेला एक हात आहे. खेळ खेळून झाल्यावर पुन्हा ते चित्र पाहिले तर ते आणखी खोल जाते. चांगल्या मुखपृष्ठाची हीच ओळख मी आजवर मानत आलो. पुस्तक मिटल्यावर ते नव्याने दिसले पाहिजे.

परंतु माझ्या विद्यार्थ्याने दुष्टपणा केला. त्याने ते चित्र २३१ बाय ८७ च्या चौकटीत बसवून माझ्यापुढे धरले. मुले गेली. हात गेले. सावल्यांचे करडे पट्टे राहिले आणि वर एक पिवळा डाग. "सर, हे आता कोण उघडणार?" त्याने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ह्या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळले. एखादी कला ज्या मापासाठी जन्मली ते मापच दुकानदाराने काढून घेतले, तर त्या कलेने काय करावे? रडत बसावे, की दुसरी कला व्हावे? मला वाटते, इथे 'मुखपृष्ठ' ह्या शब्दानेच आपली फसगत होते. अंगठ्याएवढे चित्र हे मुखपृष्ठाचे धाकटे भावंड नव्हे. त्याचे गोत्र निराळे आहे. ते आहे काड्यापेटीवरच्या चित्राचे, विडीच्या कट्ट्यावरच्या कागदाचे. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: छाप. घोडा छाप, उंट छाप, कंदील छाप. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत चित्रे चिकटवलेली असत, ती वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला मागच्या खेपेचा माल पुन्हा ओळखता यावा म्हणून. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षांना चिन्हे द्यावी लागली तीही ह्याच कारणाने. छापेत गोष्ट सांगायची नसते. एकच वस्तू अशी धरायची की ती दुसऱ्या कशाशी घोटाळू नये.

आणि खेळांच्या दुकानातले गिऱ्हाईकही एका अर्थी निरक्षरच असते. स्टीमच्या स्वतःच्या मासिक पाहणीत चिनी भाषेतून दुकान पाहणाऱ्यांचा वाटा इंग्रजीच्या खालोखाल, कधी तिच्याही वर जातो. चेंगडूच्या मुलाला पुण्याच्या खेळाचे नाव वाचता येणार नाही. त्याला छाप दिसेल.

ड्रॉइंगच्या तासाला मी मुलांना एक गोष्ट सांगत असे: डोळे किलकिले करा. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारकावे विरघळतात आणि उजेड-अंधाराची मूळ मांडणी तेवढी उरते. ती धड असेल तर चित्र उभे राहते, नसेल तर कितीही रंग फासा. ह्या दुकानात डोळे किलकिले करायचे काम दुकानच करते. म्हणून 'होलो नाइट'चे चित्र मला ह्या कलेचा नमुना वाटते. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरातल्या टीम चेरी नावाच्या मूठभर लोकांनी हा खेळ २०१७ साली काढला. जमिनीखाली किड्यांचे एक उद्ध्वस्त राज्य, आणि त्यात उतरलेला एक मुका, बुटका शिलेदार. चित्रात काय आहे? निळसर काळोखात एक पांढरा मुखवटा, त्याला दोन शिंगे, आणि डोळ्यांच्या जागी दोन काळी भोके. बस्स. हे कितीही लहान करा, रंग काढून टाका, उलटे धरा, तो मुखवटा तुमच्याकडे पाहतच राहतो. पण मला त्याचे मोल निव्वळ ठसठशीतपणासाठी वाटत नाही. त्या डोळ्यांत काही नाही. शिलेदार आतून रिता आहे, हेच त्या खेळाचे रहस्य, आणि ते खेळाच्या नावातही आहे. ते त्यांनी दारावरच टांगले, आणि तरी आत गेल्याशिवाय कोणाला ते कळले नाही. २०२५ च्या सप्टेंबरात 'सिल्कसाँग' हा ह्या खेळाचा पुढचा भाग आला. त्यातल्या नायिकेचा मुखवटा पांढराच, पण अंगावर तांबडी शाल. काळोख तोच, घराणे तेच, माणूस निराळा. एका रंगाने एवढे काम करणारे चित्र मी अलीकडे कोणत्याही मराठी कादंबरीवर पाहिलेले नाही. माझ्याही नाही.

डेन्मार्कच्या 'लिंबो'चेही असेच. २०१० सालचा हा खेळ सगळाच काळा-करडा. धुक्यातली झाडे, आणि एक मुलगा, ज्याच्या काळ्या आकृतीत डोळ्यांचे दोन पांढरे ठिपके तेवढे. आत जे आहे तेच बाहेर. 'अंडरटेल'च्या नावात एक इवलेसे तांबडे हृदय आहे. शोभेसाठी असेल असे प्रथम वाटते. लढाईच्या वेळी आपल्या हाती येते ते नेमके तेवढेच हृदय, आणि गोळ्यांच्या पावसातून आपण त्याला वाचवत फिरतो. तो खेळ खेळलेला माणूस ते नाव पुन्हा शांतपणे वाचू शकत नसावा.

अक्षरांबद्दल मात्र मला थोडे भांडायचे आहे. कंपनीची शिकवण अशी की लहान चित्रात खेळाच्या नावाने जवळजवळ सगळी जागा व्यापावी, कारण नाव वाचता आले नाही तर चित्राचा उपयोग नाही. व्यवहार म्हणून हे ठीक आहे. पण त्यामुळे झाले काय, की शेकडो चित्रांत मागे धूसर काहीतरी आणि पुढे धातूची चकाकणारी अक्षरे, असा एक ठोकळा पडला आहे. ह्या ठोकळ्यातून सुटतात ते थोडे. 'स्टारड्यू व्हॅली'चा कर्ता एरिक बॅरोन हा असाच एकटा राबणारा. चार-साडेचार वर्षे खपून २०१६ साली त्याने आपला शेतीचा खेळ बाहेर काढला आणि पुढे त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्याच्या चित्रात नाव आहे ते लाकडी पाटीवर कोरल्यासारखे, मागे मोकळे आकाश. गावाच्या वेशीवरची पाटी असावी तसे. नावच वस्तू झाले आहे. 'बालाट्रो' ह्या २०२४ च्या पत्त्यांच्या खेळातही ठिपक्याठिपक्यांची जाड अक्षरे आहेत आणि मागे तांबड्या-निळ्या रंगाचा भोवरा. तो भोवरा खेळाच्या पहिल्याच पडद्यावर आपल्याला पुन्हा भेटतो. (पत्ते पाहिले की लोक बिथरतात, हा अनुभव मात्र सार्वत्रिक दिसतो. युरोपातल्या वयनिश्चिती मंडळाने हा खेळ जुगारासारखा दिसतो म्हणून अठरा वर्षांवरच्यांसाठी ठरवला होता. त्यात खरा पैसा लावायची सोयच नाही. २०२५ साली ती अट बारा वर्षांवर आणली. आमच्या आजीनेही रमीचा पट असाच दोनदा चुलीत घातला होता.)

इथवर मी चित्र दिसते की नाही एवढेच पाहिले. ते खरे बोलते की नाही, हा प्रश्न मी टाळत होतो. कारण तो माझ्या अंगाशी येतो.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक विधवा बाई पिठाची गिरणी चालवते. कथेत पीठ आहे, पट्टा आहे, थकलेले वीजबिल आहे, दिराशी कोर्टकज्जा आहे. पुस्तक छापून हाती आले तेव्हा मुखपृष्ठावर चांदण्यात केस मोकळे सोडून एक तरुणी उभी होती. प्रकाशकाला विचारले. तो म्हणाला, "मास्तर, गिरणी कोण विकत घेणार?" आवृत्ती संपली. त्याआधीची माझी कादंबरी, जिच्यावर मीच आग्रहाने एक साधा रहाट छापून घेतला होता, तिचे गठ्ठे अजून माझ्या माळ्यावर आहेत. सांगलीकडच्या एका वाचकाचे पत्र आले, की मी प्रेमकथा म्हणून पुस्तक घेतले, प्रवासात दुसरे काही नव्हते म्हणून वाचत गेलो, आणि शेवटी रडलो. आता ह्या माणसाला फसवले म्हणायचे, की माझ्यापर्यंत आणले म्हणायचे? मी कितीतरी वर्षे हे पत्र प्रकाशकाच्या बाजूचा पुरावा म्हणून वाचत आलो आहे, आणि मला त्याचा राग येतो.

कोणी म्हणेल, दीनानाथ दलालांनी १९४५ पासून 'दीपावली'च्या अंकांवर ज्या स्त्रिया चितारल्या, किंवा रघुवीर मुळगावकरांच्या ज्या सुंदरींनी अंक सजले, त्यांचा आतल्या लेखांशी काय संबंध होता? काही नाही. पण त्यांनी कसले वचनही दिले नव्हते. ते चित्र अंकाचे वर्णन नव्हते, सणाचा नजराणा होता. लोक ते फाडून भिंतीला लावीत. कादंबरीचे किंवा खेळाचे चित्र तसे सुटे नसते. ते म्हणते, 'आत हे आहे.'

खोटेपणाच्याही जाती असतात, हे मला अटारीच्या जुन्या खोक्यांनी शिकवले. १९७७ साली अटारीचे घरगुती यंत्र आले तेव्हा पडद्यावर निव्वळ चौकोन हलत. 'अ‍ॅडव्हेंचर' ह्या खेळात तर नायक म्हणजे एक भरीव चौकोनच होता, आणि त्यातले राक्षसी सर्प बदकासारखे दिसत. खोक्यावर मात्र हाताने रंगवलेले देखणे चित्र: सर्प, किल्ला, सगळा थाट. हे खोटे झाले का? मला वाटत नाही. ते चित्र मुलाला सांगत होते, की ह्या चौकोनाकडे पाहताना मनात हे धर. यंत्राला जे दाखवता येत नव्हते ते चित्रकार पुरवीत होता. उलट १९८७ च्या 'मेगा मॅन'च्या अमेरिकन खोक्यावर निळा-पिवळा पोशाख घातलेला एक अवघडलेला माणूस हातात पिस्तूल घेऊन उभा आहे. खेळातल्या नायकाच्या हातात पिस्तूल नाहीच, त्याचा हातच तोफ आहे. ज्याने हे काढले त्याने खेळ पाहिला नसावा, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले असावे. तपशिलाचे खोटे मी माफ करीन. भावनेचे खोटे नाही.

ह्या बाबतीत खेळांचे दुकान आमच्या ग्रंथव्यवहारापेक्षा न्यायी आहे, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते. २०१५ पासून तिथे असा नियम आहे, की खेळ घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झाला असेल तर पैसे परत. म्हणजे चांदण्यातली तरुणी दाखवून गिरणी विकली तर गिऱ्हाईक गिरणी परत आणून देते. सांगलीच्या वाचकाला ही सोय असती तर तो कोल्हापूर येण्याआधीच उतरला असता. आणि रडलाही नसता. असो.

दुसरा नियम २०२२ च्या सप्टेंबरापासूनचा. त्याआधी त्या अंगठ्याएवढ्या जागेत लोक पारितोषिकांची तोरणे, परीक्षणातले गुण, सवलतीचे आकडे, सगळे कोंबत. व्हॉल्वने सांगितले: चित्र, खेळाचे नाव, अधिकृत उपनाव, बाकी काही नाही. मी हे वाचले तेव्हा माझ्या टेबलावर एक मराठी पुस्तक होते. त्यावर पुरस्काराचे सोनेरी वर्तुळ, आवृत्तीचा आकडा, दोन थोरांचे अभिप्राय आणि 'अवश्य वाचावे असे' ही ओळ होती. चित्र शोधावे लागले.

एक गोष्ट मात्र नियमाने सुटत नाही. प्रत्येक जातीच्या खेळाची आता आपली वेषभूषा ठरून गेली आहे. भयकथेला काळोखातला हात किंवा पांढरा पडलेला चेहरा, निवांत शेतीकामाच्या खेळाला गोलमटोल अक्षरे आणि मांजर, लढाईला ओरडणारे तोंड. ही वेषभूषा टाळली तर गिऱ्हाइकाला जात कळत नाही. पत्करली तर शेजारच्या पन्नासांत आपण मिसळून जातो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींचा 'राजी' हा खेळ २०२० साली निघाला, तेव्हा त्यांना हा पेच पडला असणारच. हातात त्रिशूळ घेतलेली मुलगी ही त्या खेळाची ओळख. परक्याच्या डोळ्याला तो भाला दिसतो आणि लढाईची जात कळते. आपल्या डोळ्याला दुर्गा दिसते. खेळाच्या रंगकामावर पहाडी लघुचित्रांचा संस्कार आहे. पण कथेचा जीव आहे तो हरवलेल्या धाकट्या भावात, गोलूत. शस्त्र पुढे आले की माया मागे पडते, हे त्या जातीच्या खेळांचे जुने दुखणे आहे. ते एकट्या 'राजी'चे नव्हे.

आता माझ्या विद्यार्थ्याचा खेळ. त्याचे नाव 'तर'. खाडीवर शेवटची तर आहे, पावसाळी रात्र आहे, पूल वाहून गेला आहे. काठावर माणसे जमतात. बाळंतीण आहे, सावकार आहे, शाळेचा निकाल घेऊन निघालेला शिपाई आहे. होडीत माणसे मोजकीच मावतात. कोणाला घ्यायचे ते आपण ठरवायचे. जर-तरचा 'तर' आणि खाडीवरची तर, दोन्ही त्या नावात आहेत. मी तीन संध्याकाळी खेळलो, आणि तिन्ही वेळा शिपायाला काठावर ठेवले. हे सांगायला मला बरे वाटत नाही.

त्याने दाखवलेल्या दोन चित्रांपैकी पहिले पैसे देऊन काढून घेतलेले. पिळदार दंडांचा नावाडी, वल्हे भाल्यासारखे उगारलेले, मागे वीज, आणि रोमन लिपीत पोलादी अक्षरे. दुसरे त्याने स्वतः काढलेले: दोन्ही तीर, माड, पाऊस, वाट पाहणारी माणसे, लांबवर कंदील. दुसरे पाहून मला वहीच्या समासातल्या होड्या आठवल्या. मोठे करून पाहिले तर डोळे भरून येतात. लहान केले तर चिखल. पहिले खोटे बोलत होते आणि दुसरे बोलतच नव्हते.

मी त्याला विचारले, खेळताना माझी नजर सारखी कुठे होती ते तुला ठाऊक आहे का? होडीच्या काठावर. माणूस चढला की होडी बोटभर खाली जाते आणि पाणी काठाशी येते. खेळाचा सगळा ताण त्या बोटभर फळीत आहे. तेवढेच काढ. उत्साहाच्या भरात मी कागदावर काढूनही दाखवले: काठ, काठाशी आलेले पाणी, आणि पाण्यातून येऊन तो काठ घट्ट धरणारा एक हात. मी खूश होतो. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, हात नको. हे भुताच्या खेळाचे चित्र होईल. भुताची हौस असलेले लोक येतील आणि दोन तासांच्या आत परत देतील." त्याचे म्हणणे बरोबर होते. मी माझ्या प्रकाशकाचेच काम करत होतो, वेगळ्या बाजूने.

मग बराच वेळ नावावर गेला. रोमन लिपीत ते लिहिले तर इंग्रजी वाचणारा त्याला डांबर समजेल. देवनागरीत लिहिले तर कोणी वाचणार नाही. पण मी मघाशी छापेबद्दल जे म्हटले ते इथे उपयोगी पडले. न वाचणाऱ्याला अक्षर ही वस्तूच असते. देवनागरी अक्षरे ओळीवर उभी राहत नाहीत, शिरोरेघेला लोंबतात. त्याने ती शिरोरेघ जाड केली, दोन्ही टोकांना किंचित वर उचलली, आणि ती होडीचा काठ झाली. त आणि र खाली, पाण्यात. रेघेच्या एका टोकाला कंदील, पिवळा. बाकी सगळे गडद निळे. इंग्रजी नाव खाली बारीक. वेगळ्या भाषेच्या गिऱ्हाइकाला वेगळे चित्र लावायची सोय दुकानात आहे, तेव्हा पुढेमागे त्याचेही बघता येईल.

डोळे किलकिले करून पाहिले. रेघ आणि दिवा राहतात. अगदी लहान, १२० बाय ४५ मध्ये, 'र'चा पाय मात्र पाण्यात विरघळतो आणि नुसता 'त' उरल्यासारखे वाटते. गेल्या पंधरवड्यात त्याने मला चार आवृत्त्या पाठवल्या. तो पाणी दोन ठिपके खाली उतरवायचे म्हणतो, म्हणजे अक्षर पुरे वाचता येईल. माझे मत असे की पाणी उतरवू नये, पाहिजे तर दिवा थोडा लहान करावा. होडी भरलेली दिसली पाहिजे. ह्यावर आमची अजून पत्रापत्री चालू आहे.